दोष परत आणून दाखव

शनिवारी दुपारी चार वाजता घाटकोपरच्या डॉक्टरांकडे बाबांची वेळ ठरली होती, आणि दीड वाजता मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली गाडी सुरू होईना.

सुरू होईना हे तसं पूर्ण खरं नाही. पहिल्यांदा ती सुरू झाली. दहाएक सेकंद नीट चालली, मग गचके खाल्ले आणि बंद पडली. त्यानंतर मी किल्ली फिरवत राहिले, स्टार्टर फिरत राहिला, पण इंजिन काही पेट घेईना. बाबा शेजारच्या सीटवर होते आणि माझ्या मांडीवर फाइल होती. फाइलमध्ये डॉक्टरांनी दिलेला फॉर्म होता.

तो घरच्यांनी भरायचा होता. पेशंटला वार-तारीख सांगता येते का, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का. आदल्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो फटाफट भरून टाकला होता, कारण कुठलंही काम रेंगाळत ठेवलेलं मला आवडत नाही. एकच प्रश्न कोरा सोडला होता. ‘आयुष्यभर केलेल्या कामात आता चुका होतात का? हो / नाही.’

बाबांचं आयुष्यभराचं काम म्हणजे डिझेलची इंजिनं. गिरणी बंद पडली तेव्हा ते तिथे फिटर होते. मग भांडुपला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी गॅरेज काढलं आणि तीस वर्षं चालवलं. गुडघे गेले तेव्हा गॅरेज विकलं, पण ही एक गाडी ठेवली. जुनी, डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी. गावी घरापर्यंत लाल मातीचा जो चढ आहे, तो पावसाळ्यात दुसरी कुठलीच गाडी चढत नाही, हे त्यांचं गाडी न विकण्याचं कारण. बाकी कारणं त्यांनी कधी सांगितली नाहीत आणि आम्ही विचारली नाहीत.

गेल्या वर्षभरात ते विसरायला लागले होते. आधी माणसांची नावं गेली, मग गॅस बंद करायचं राहायला लागलं. महिन्याभरापूर्वी एलबीएस रोडवर डिझेल भरायला म्हणून गेले ते दोन तास आलेच नाहीत. शेवटी मला ते भांडुपला सापडले, जिथे त्यांचं गॅरेज होतं त्या जागेसमोर, गाडी कडेला लावून शांत बसलेले. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. त्या दिवसापासून मी गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले आणि त्यांना सांगितलं, डिझेल मी भरून आणत जाईन.

पण गाडीचं काम त्यांचं चोख होतं. मागच्याच रविवारी त्यांनी डिझेलचा फिल्टर स्वतः बदलला होता, आणि वर मला दोन गोष्टी ऐकवल्या होत्या. म्हणून तो प्रश्न मी कोरा ठेवला होता. खरं सांगायचं तर त्या एका चौकोनापुरते माझे बाबा अजून शाबूत आहेत, असं मी धरून चालले होते.

आणि आता त्यांनी फिल्टर बदललेली गाडी बंद होती.

“पयली गाडी सपाटीर घे गो,” बाबा म्हणाले.

आमच्या सोसायटीत गाड्या जास्त आणि जागा कमी. बाहेरच्या रांगेतल्या गाड्या न्यूट्रलला, हँडब्रेक न लावता ठेवायच्या, म्हणजे आतल्या माणसाला निघायचं असलं की तो ढकलून बाजूला करतो, अशी इथली रीत. गुरुवारी सकाळी पाण्याचा टँकर आत घ्यायला जागा हवी होती, म्हणून आमची गाडी मागे ढकलली होती. मागे खालच्या पार्किंगकडे जाणारा उतार आहे. तिथे ती तोंड वर, शेपूट खाली अशी उभी होती, मागच्या चाकाला वीट लावून.

“का? उताराचा काय संबंध?”

ते सीटच्या कडेला धरून समोर बघत राहिले. काहीतरी जिभेवर होतं आणि येत नव्हतं, हे मला दिसत होतं. “कित्याक ता आता सांगूक येणा नाय. पण घे.”

मला हेच सहन होत नाही. ‘का’ सांगता येत नसेल तर कशाला सांगायचं? दोन टनांची गाडी चढावर ढकलायला चार माणसं लागली असती, दुपारची वेळ, आणि हाताशी होता एकटा वॉचमन. मी डॅशबोर्डवर बोट ठेवलं. “डिझेल आहे. काटा बघा, पावच्या वर आहे.”

त्यांनी काटा बघितला. “हां. आसा खरा,” म्हणाले.

मी बाही वर करून बॉनेट उघडलं. एवढं मला येतं. शाळा सुटल्यावर मी गॅरेजमध्ये बसून अभ्यास केलेला आहे आणि अभ्यासापेक्षा बाकीचंच जास्त शिकले आहे. डिझेलच्या गाडीचं एक असतं: पाइपमध्ये हवा शिरली की इंजिन उपाशी. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, वरचा हातपंप दाबत राहायचा, आधी फेस येतो, मग नुसतं स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मी दाबलं. फेस आला. बराच वेळ फेसच आला, मग कसंबसं डिझेल. आवळलं. गाडी सुरू झाली, दहा सेकंद चालली आणि मेली.

पुन्हा तेच केलं. पुन्हा मेली. तिसऱ्यांदा स्टार्टरचा आवाज जड झाला, म्हणजे बॅटरीही उतरत होती. सव्वादोन वाजले होते. या डॉक्टरांची वेळ मिळायला आम्ही दीड महिना थांबलो होतो. रिक्षाने जाता आलं असतं, नाही असं नाही. पण आता प्रश्न घाटकोपरला पोचण्याचा राहिलाच नव्हता. पुन्हा पुन्हा हवा येत होती, म्हणजे ती कुठून तरी ओढली जात होती. आणि गॅरेजमध्ये शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, शेवटचं काय उघडलं होतं ते आधी बघ. शेवटचा उघडला होता फिल्टर.

“रविवारी तुम्ही नक्की काय केलंत?” मी विचारलं.

“फिल्टर बदललंय.”

“रबरी रिंग नवी घातलीत ना? जुनी वर चिकटून राहिली नव्हती?” जुनी रिंग वर चिकटलेली राहते, तिच्यावर नवी बसते, आणि दोन रिंगांमधून हवा आत येते. ही नवशिक्यांची चूक. माझ्या लहानपणी या चुकीसाठी त्यांनी माणसांना झापलेलं मी ऐकलं आहे.

“जुनी काढली होती.”

“नक्की?”

“काढली होती गो.”

“बाबा, नीट आठवून सांगा. नक्की?”

ते हातांकडे बघायला लागले. हात पुसलेलेच होते, तरी पुन्हा पुसले. “काढली असतली,” म्हणाले.

‘काढली होती’वरून ‘काढली असतली’वर मी त्यांना तीन प्रश्नांत आणलं. त्या वेळी मला ते कळलं नाही. मला फक्त उत्तर मिळाल्यासारखं वाटलं आणि भयंकर राग आला. राग कशाचा, ते विचारू नका. फाइल काढली, फॉर्म बॉनेटच्या कडेवर धरला आणि त्या कोऱ्या प्रश्नाला ‘हो’वर टिक केली. कागदावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

बाबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण मी काय लिहिलं ते त्यांना कळलं असावं. “माझाच चुकला असतला,” ते म्हणाले. “मी वर जाऊन शर्ट बदलतंय. रिक्षान जावया.” आणि कठडा धरत जिना चढून गेले.

मी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला फोन केला. तो पन्नाशीचा माणूस, वीस वर्षांपूर्वी बाबांच्याच हाताखाली काम शिकलेला. पाच मिनिटांत आला, सगळं ऐकलं आणि फिल्टर खाली उतरवला. मी मोबाइलचा टॉर्च धरला. दोन रिंगा बघायच्या तयारीत होते मी.

रिंग एकच होती. नवी, बोटाने डिझेल लावून बसवलेली, सगळीकडून सारखी दबलेली.

“ताई, हे काकांचं काम आहे,” तो म्हणाला. “यात काय बघायचं? झकास बसवलाय.”

“मग हवा कुठून येते?”

“बघू ना. टेन्शन नका घेऊ.”

त्याने फिल्टर परत चढवला आणि टाकीकडून येणारा पाइप काढून टाकला. त्याच्या जागी एक पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक स्वतःच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये सोडलं आणि कॅन बॉनेटखाली दोरीने बांधला. म्हणजे इंजिन आता टाकीतलं नाही, कॅनमधलं डिझेल पिणार. हातपंप दाबला. फेस गेला, नळीत बुडबुडा राहिला नाही. त्याच्या बॅटरीची वायर जोडून मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. दहा सेकंद गेले, वीस गेले, एक मिनिट गेलं. चालतच राहिली.

“बघा. फिल्टरच्या पुढे सगळं ओके. लफडं मागे आहे, टाकीच्या साइडला.” त्याने टाकीचं झाकण उघडलं, एक लांब वायर आत सोडली, बाहेर काढून ओली किती ते बघितलं. मग मागे जाऊन गाडीकडे बघितलं, उताराकडे बघितलं. “ताई, लास्ट डिझेल कधी टाकलं?”

बाबा दर रविवारी टाकायचे. मी त्यांचं ते बंद केलं होतं आणि म्हटलं होतं, मी भरून आणत जाईन. त्याला तीन रविवार झाले होते. एकाही रविवारी मी पंपावर गेले नव्हते. मी विसरले होते.

“डिझेल अगदी थोडं आहे,” तो सांगत होता, “आणि गाडी अशी उभी, म्हणून सगळं टाकीत मागे गेलंय. ओढणारा पाइप पुढच्या बाजूला असतो. तो हवा ओढणार नाही तर काय? काटापण खोटं सांगतो अशा वेळी. सपाटीवर घेतली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.”

सपाटीवर. गाडी त्या उतारावर आणली कोणी? गुरुवारी सकाळी टँकर हॉर्न वाजवत होता तेव्हा किल्ली घेऊन खाली मीच आले होते. इंजिन सुरू करून गाडी नीट कुठेतरी लावता आली असती. पण त्या इंजिनाचा आवाज बाबांना झोपेतही ओळखू येतो. ते खाली आले असते, मी लावतो म्हणाले असते, आणि मला ऑफिसला उशीर होत होता. म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवून बसले आणि वॉचमनला म्हटलं, ढकला मागे, आवाज करू नका. वीटसुद्धा मीच लावली होती.

कॅनमधल्या डिझेलवर आम्ही गाडी चढवून सपाटीवर आणली. मेकॅनिकने कॅनमधलं उरलेलं डिझेल टाकीत ओतलं, पाइप परत जोडला, हवा काढली. फेस दोनदाच आला आणि थांबला. तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी नीट चालू होती आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे होते.

“काय होता?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मेकॅनिक म्हणाला, “काही नाही काका, थोडी हवा होती. तुमचं काम एकदम बरोबर.” त्याच्या मनात चांगलंच होतं. पण आजकाल सगळेच बाबांशी याच आवाजात बोलतात, लहान मुलाची चित्रं बघताना बोलावं तसं. बाबांनी मान हलवली आणि गाडीत येऊन बसले.

विक्रोळी येईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. डिझेल मी भरलं नाही, उतारावर मी लावली, तुम्ही सपाटीवर घे म्हणालात ते बरोबर होतं, रिंग एकच होती, मी उगाच ओरडले. माफ करा हेसुद्धा म्हटलं. मी सहसा म्हणत नाही. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. सिग्नलला त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

“ऱ्हवूंदे गो,” म्हणाले. “माका समजता.”

त्यांना काय समजलं होतं ते मला डॉक्टरांच्या खोलीत समजलं. वेटिंग रूममध्ये मी फॉर्मवरची ‘हो’ची टिक खोडून ‘नाही’ला केली होती. डॉक्टरांना ती खाडाखोड आणि तो काळा ठसा दिसला. त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला आणि सरळ बाबांनाच विचारलं.

बाबा ताठ बसले. बाहेरच्या माणसांशी बोलतात ती स्वच्छ मराठी काढली. “चुकतं, डॉक्टर. आता गाडीच्या कामातही चुकतं. परवा फिल्टर चुकीचा बसवला मी. ही मला बरं वाटावं म्हणून वेगळं सांगते.”

मी म्हणाले, नाही हो डॉक्टर, खरंच माझी चूक होती. डॉक्टरांनी माझ्याकडे समजूतदारपणे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. वर्षभर मी बाबांना बरं वाटावं म्हणून किती काय काय सांगत आले होते. किल्ली हरवली आहे म्हणून सांगितलं, चेकअप साधंच आहे म्हणून सांगितलं. आता खरं सांगत होते तर ते त्याच ढिगात जाऊन पडलं. असं हताश मला आयुष्यात क्वचित वाटलं आहे.

परत येताना रस्त्यात डिझेलचा पंप लागला. मी वेग कमी केला, इंडिकेटरही दिला, आणि मग गाडी आत न घेता सरळ पुढे काढली. मला गॅरेजमधली एक गोष्ट आठवली होती.

बाबांची काम करायची एक पद्धत होती आणि गिऱ्हाइकं तिला वैतागायची. गाडी दुरुस्त झाली, चालू झाली, की बाबा काढलेला खराब भाग परत बसवायचे. गाडी पुन्हा बंद पडते का बघायचे. पडली की मगच नवा भाग कायमचा लावायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो चालतेय ना, द्या की. बाबा म्हणायचे, चालली याचा अर्थ दोष सापडला असा नाही. हाताखालच्या माणसांनाही तेच सांगायचे: दोष परत आणून दाखव, मग सापडला म्हण.

रविवारी सकाळी मी उठून खाली गेले. कॅनमधून टाकीत ओतलेलं डिझेल घाटकोपरच्या फेरीत बरंच संपलं होतं. वॉचमनला बोलावलं आणि गाडी उतारावर मागे सोडली, गुरुवारी होती अगदी तिथेच. वीट लावली. मग वर जाऊन बाबांना म्हटलं, चला, गाडी बघायची आहे. पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. महिन्याभरात पहिल्यांदा.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. मी मनात आकडे मोजत होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गाडी बंद पडावी म्हणून माझा जीव खालीवर होत होता. आठ, नऊ, दहा, अकरा. अकराला ती चालतच होती आणि मला दरदरून घाम फुटला. मग गचका आला, आणखी एक आला आणि ती मेली.

बाबा खाली उतरले. बॉनेट उघडलं, स्क्रू सैल केला, पंप दाबला, फेस बघितला. मागे गेले, विटेकडे बघितलं, टाकीखाली हात घालून पाइप कुठे येतो ते चाचपलं. मी एक शब्द बोलले नाही, आणि ते माझ्यासाठी सोपं नव्हतं. मॉर्निंग वॉकवाल्या चौघांना आणि वॉचमनला त्यांनी स्वतः हाक मारली, गाडी न्यूट्रलला टाकली आणि सपाटीवर ढकलून घेतली. हवा काढली. गाडी सुरू झाली आणि चालत राहिली. मला वाटलं, झालं.

“परत उतारार घे,” बाबा म्हणाले.

“आता कशाला?”

“एकदा झाला म्हणजे काय झाला? परत घे.”

आम्ही परत घेतली. गाडी परत बंद पडली. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. “माझो फिल्टर बरोबर होतो,” म्हणाले.

“हो बाबा,” मी म्हणाले.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. डॉक्टरांचा रिपोर्ट यायचा तसाच आला, गोळ्या सुरू झाल्या. आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा जेवताना बाबा मध्येच म्हणाले, “माझ्या हातान आता काम करू नये. तो फिल्टर माझ्याकडसून चुकीचो बसलो.” रविवारची सकाळ ते विसरून गेले होते. शनिवारची दुपार नाही. मी तीनदा विचारलेलं ‘नक्की?’ त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं, आणि त्याचं उत्तर पुसलं गेलं होतं.

तेव्हापासून मी गाडीत डिझेल मोजकंच ठेवते. पंपावरचा माणूस विचारतो, मॅडम, फुल करू का, मी नाही म्हणते. महिन्या-दीड महिन्याने बाबांना तो फिल्टर आठवतो आणि त्यांना जेवण जात नाही. मग येणाऱ्या रविवारी आम्ही दोघं खाली जातो. वॉचमन आता काही विचारत नाही, वीट घेऊन येतो. गाडी उतारावर मागे जाते, बाबा किल्ली फिरवतात, मी आकडे मोजते, आणि गाडी बंद पडते. ते दरवेळी दुसऱ्यांदा घ्यायला लावतात. दरवेळी स्टिअरिंगवर हात ठेवून पहिल्यांदाच सापडल्यासारखं तेच वाक्य बोलतात, आणि मी हो म्हणते.